हरूची बुद्धिमत्ता चाचणी

जयवंतीचा फोन आला तेव्हा मी लिंबाच्या लोणच्याच्या बरणीवर तारखेची चिठ्ठी चिकटवत होते. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. ‘ताई, हे उठत नायत,’ एवढंच ती म्हणाली. मागे त्यांच्या वाडीतला पंप चालू असल्याचा आवाज येत होता. मी ‘निघाले’ म्हटलं, फोन ठेवला, आणि मग, सांगायला लाज वाटते, ती चिठ्ठी सरळ चिकटवली, तिचे चारही कोपरे दाबले, बरणी फळीवर तिच्या जागी ठेवली आणि मगच चप्पल पायात घातली. माझा धाकटा भाऊ गेला होता आणि मी कोपरे दाबत होते. हरूनं हे पाहिलं असतं तर म्हणाला असता, ‘बरोबर केलंस ताई. मी काय पळून जात नाय, लोणचं मात्र नासलं असतं.’ त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला कारण असायचं, आणि ते ऐकून होईपर्यंत समोरचा माणूस आपला मूळ मुद्दा विसरून जायचा.

मुक्ता आणि ओम, दोन दिवसांनी तुम्हाला फोनवर सांगितलं तेव्हा तुमच्यात भांडण झालं ते मी विसरलेले नाही. मुक्ता म्हणाली, ‘आजी, ते ड्रिंक करायचे ते आजोबा?’ आणि ओम मागून ओरडला, ‘नाही, हे हुशारवाले आजोबा!’ तुम्ही दोघं मला निवाडा करायला सांगत होतात. मी म्हटलं, दोन्ही एकच. मग मुक्ता म्हणाली, ‘पण दोन्ही एकदम कसं असू शकतं?’ प्रश्न अगदी रास्त होता. माझा स्वयंपाक व्हायचा होता आणि डोळेही भरले होते, म्हणून तेव्हा उत्तर दिलं नाही. आज सहा आठवड्यांनी, क्रमानं देते आहे. आईकडून वाचून घ्या, आणि तिनं मधली वाक्यं गाळली तर मला कळवा.

आधी तो कोण होता ते. पालघर जिल्ह्यातल्या पाम गावात आमच्या वडिलांची नारळ-चिकूची वाडी. मी पाठांतरात चांगली, म्हणून मला मुंबईला मावशीकडे ठेवून इंग्रजी शाळेत घातलं. हरू प्रत्येक धड्यावर शंका काढायचा, म्हणून त्याला गावातच ठेवलं. मास्तरांनी वडिलांना सांगितलं होतं, ‘हा पोरगा एक तर वकील होईल, नाही तर मार खाईल.’ वकील झाला नाही. मी शिक्षिका झाले, पुढे पालघरच्या शाळेत मुख्याध्यापिका झाले. तो दहावीनंतर चिंचणीच्या एका कारागिराकडे डायचं काम शिकायला बसला. डाय म्हणजे काय ते तुम्हाला तिकडे कुणी सांगणार नाही. आपल्या भागात घरोघरी चालणारा हा धंदा आहे. सोनाराला कर्णफूल हवं असलं, बांगडीवर वेल हवी असली, की ती नक्षी आधी पोलादाच्या ठोकळ्यात खोल कोरतात. मग त्यावर पातळ पत्रा ठेवून प्रेसनं दाबला की पत्र्यावर ती उठून येते. म्हणजे दागिन्यात जे वर ते ठोकळ्यात खाली, आणि दागिन्यात जे उजवीकडे ते ठोकळ्यात डावीकडे. हे काम करणारा माणूस दिवसभर जग उलटं बघतो. हरूनं ते चाळीस वर्षं पाहिलं, डोळ्याला भिंग लावून, घराच्या पडवीला लागून बांधलेल्या एका खोलीत. त्याच्यासारखी मोराची मान आमच्या पट्ट्यात कुणालाच जमत नव्हती. हे मी बहीण म्हणून म्हणत नाही, सोनारांच्या तोंडून ऐकलेलं सांगते आहे.

पिणं नक्की कधी सुरू झालं याची तारीख माझ्याकडे नाही, आणि तारीख नसलेली गोष्ट मला सलते. सुरुवात ताडीनं झाली एवढं नक्की. ताडाचा रस सूर्य उगवायच्या आधी उतरवून प्यायला तर ती नीरा, गोड आणि निरुपद्रवी; ऊन चढलं की तोच रस आंबतो आणि त्याची ताडी होते. एकदा भर दुपारी बारा वाजता मी त्याला मडक्यासकट पकडलं. तो शांतपणे म्हणाला, ‘ताई, मी नीराच पितो. फक्त मला उठायला उशीर होतो. आता सूर्य माझ्यासाठी थांबत नाय, हा काय माझा दोष?’ मग दमण सुरू झालं. दर महिन्याला तो चपला आणायला दमणला जायचा, कारण तिकडे म्हणे चामडं चांगलं मिळतं. वर्षअखेर जयवंतीनं त्याला विचारलं, ‘बारा वेळा गेलात, मग चप्पल एकच कशी?’ तर म्हणतो, ‘मनासारखी मिळत नाय, म्हणून तर बारा वेळा जावं लागलं ना!’ घरात सगळे हसले. मीही हसले. त्याचं हे सगळं आम्ही वर्षानुवर्षं गंमत म्हणून एकमेकांना सांगत आलो. जयवंती हसायची नाही. ती त्याची बायको होती, आणि दमणहून आलेल्या माणसाला पायरीवरून उचलून आत न्यायचं काम तिचं होतं.

मुक्ता, तुझ्या प्रश्नाचं पहिलं अर्धं उत्तर इथेच आहे. हरूची बुद्धी दारूनं बंद पाडली नव्हती, तिला नोकरीला ठेवलं होतं. एखाद्या नामांकित वकिलाकडे एकच अशील असावं आणि वकिलानं दिवसरात्र त्याचाच खटला लढवावा, तसं ते होतं. तो वकील हरला नाही कधी.

हरला तो मोरांपाशी. बोईसरच्या एका सोनारानं मोराच्या कर्णफुलांच्या जोडीचं काम दिलं होतं. जोडी म्हणजे दोन ठोकळे, एक मोर या बाजूला बघणारा, दुसरा त्या बाजूला, म्हणजे घातल्यावर दोन्ही मोर चेहऱ्याकडे बघतात. हरूनं दोन्ही एकाच बाजूचे कोरले. एक मोर बाईकडे बघणार, दुसरा शेजारणीकडे. सोनारानं ठोकळे परत पाठवले, आणि त्याच आठवड्यात प्रेसखाली हरूच्या अंगठ्याचं नख गेलं. जयवंतीनं त्याचा हात धुतला, फडकं बांधलं, खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला खोचली. ‘आज नख गेलं, उद्या बोट जाईल,’ ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी हरूनं मला पालघरला फोन केला.

‘ताई, कारण सापडत नाय.’

‘कसलं?’

‘दोन्ही मोर एका बाजूला कसे गेले त्याचं. दोन दिवस बसून शोधतोय...’

चाळीस वर्षांत त्याला एखाद्या गोष्टीचं कारण सापडलं नाही असं पहिल्यांदाच झालं होतं. मी घाबरले. तोही घाबरला होता, आणि म्हणूनच व्यसनमुक्ती केंद्रात जायला तयार झाला. तो गेला आणि राहिलाही. तिथल्या स्वयंपाक्याशी वाद घातला, योगाच्या शिक्षकाला श्वासाबद्दल शंका विचारल्या, पण राहिला. परत आला तेव्हा गालफडं बसलेली, डोळे स्वच्छ, आणि तीन माणसांचं जेवण एकटा जेवत होता. सगळं छान होतं. फक्त किल्ली जयवंतीच्या कनवटीलाच होती.

‘पिणं सोडलंय ते मला दिसतं,’ ती म्हणाली. ‘पण डोकं जाग्यावर आलंय का ते बाहेरून दिसत नाय. डॉक्टरकडून कागदावर लिहून आणा, मग उघडते.’

‘डोकं जाग्यावर नसतं तर टोपी कशावर घातली असती मी?’ हरू म्हणाला.

‘हेच,’ जयवंती माझ्याकडे वळून म्हणाली. ‘ताई, हेच. बोलणं तेव्हापण असंच होतं.’

तिचं चुकत नव्हतं. पण हरूनं मला वाडीच्या बांधापर्यंत सोडायला येताना हळूच जे सांगितलं तेही चूक नव्हतं. ‘ताई, माझ्या हाताला काम नसलं की पाय चालायला लागतात. आणि पाय कुठं जातात ते तुला ठाऊक हाय. लवकर काय ते कर.’ त्याचा हात तेव्हा खिशात होता, आणि खिसा थरथरत होता.

केंद्रात मृणाल नावाची एक तरुण मानसशास्त्रज्ञ होती. तिनं सांगितलं, दारू सोडल्या सोडल्या तपासणी करून उपयोग नसतो, डोक्यातलं धुकं थोडं विरू द्यावं लागतं. तीन आठवड्यांनी आणा, तर्कशक्तीच्या चाचण्या घेऊ. परीक्षा तीन आठवड्यांवर आहे असं मला कुणी सांगितलं की माझं पुढचं वागणं माझ्या हातात राहत नाही. मी माळ्यावरून शाळेतल्या मुलांसाठी जपून ठेवलेली स्कॉलरशिपची पुस्तकं काढली, बुद्धिमत्ता चाचणीची. वेळापत्रक आखलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, पडवीत, दहा ते बारा. हरू बासष्ट वर्षांचा होता. पेन्सिलीला टोक काढून, पाटावर मांडी घालून माझ्यासमोर बसायचा.

पहिला प्रश्न विचारला, गटात न बसणारा शब्द ओळखा: आंबा, चिकू, नारळ, बटाटा. हरू म्हणाला, ‘चिकू.’ मी म्हटलं, बटाटा, तो फळ नाही. ‘अगं पण बाकी तिघं भाजीत जातात. कैरी घाल, खोबरं घाल, बटाटा घाल. चिकू घालून दाखव.’ आतून जयवंतीचा आवाज आला, ‘बरोबर हाय त्यांचं.’ पुढचा प्रश्न असा की एक माणूस घरातून निघून पूर्वेला पाच किलोमीटर चालला, मग उजवीकडे वळून दोन किलोमीटर चालला, तर तो घरापासून कुठल्या दिशेला आहे? हरूनं डोळे मिटले. ‘पामवरून पूर्वेला पाच म्हणजे बोईसर आलं. तिथून उजवीकडे वळला...’ डोळे उघडले. ‘ताई, तो माणूस कुठं गेला ते मला नको विचारू. त्याच्या बायकोला सांग, जेवायला थांबू नको.’ नात्यांचे प्रश्न तर सोडूनच दिले. अ हा ब चा भाऊ, ब ही क ची बायको, एवढं झालं की हा विचारणार, ‘बोलतात का एकमेकांशी? वाडीच्या वाटण्या झाल्या का?’ तरी तिसऱ्या आठवड्यापर्यंत मी त्याला पुस्तकी उत्तरं घोटून पाठ करायला लावली. संख्यामालिका, विसंगत शब्द, म्हणींचे अर्थ, सगळं. मला वाटत होतं, मी भावाला मदत करते आहे.

चाचणीच्या दिवशी मृणालनं मला मागच्या खुर्चीवर बसायची परवानगी दिली, गप्प राहण्याच्या अटीवर. सुरुवातीलाच ती म्हणाली, ‘काका, मी काही शब्द सांगते...’ आणि हरूनं खुशीत सांगून टाकलं, ‘विचारा, विचारा. आमच्या ताईनं सगळं घोटून घेतलंय. पुस्तकातून.’ मृणाल वळून माझ्याकडे बघत राहिली. तीस वर्षं मी मुलांच्या कंपासपेटीतून, बाहीतून, एकदा तर डब्यातल्या पोळीखालून चिठ्ठ्या काढलेली बाई. आणि आज पेपर मी फोडला होता. ‘आजी, मग हा भाग मला धरता येणार नाही,’ ती म्हणाली, ‘आणि तुम्ही बाहेर बसा.’ मुख्याध्यापिकेला वर्गाबाहेर काढायची तिची ती पद्धत फार सभ्य होती. मी बाहेर गेले आणि खिडकीपाशी उभी राहिले. खिडकी उघडी होती. ते माझ्या हातात नव्हतं.

तिनं नवे प्रश्न काढले. होडी आणि बैलगाडी यात सारखं काय? ‘दोन्ही दुसऱ्याला वापरायला दिली की मोडून परत येतात.’ नाचता येईना अंगण वाकडे याचा अर्थ काय? ‘अर्थ असा की तिचं म्हणणं कुणी ऐकून घेतलं नाय. आधी पाणसळ लावून बघा ना अंगण. असेल वाकडं!’ मृणाल लिहून घेत होती आणि ओठ दाबून हसू आवरत होती. मला वाटलं, पास.

मग पत्ते आले. खेळायचे नव्हेत, रंगीत आकृत्यांचे. एकेक पत्ता योग्य ढिगात ठेवायचा, पण नियम काय ते ती सांगणार नाही, फक्त ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणणार. हरूनं तीन पत्त्यांत ओळखलं की रंगानं लावायचे आहेत, आणि झपाझप लावत गेला. बरोबर, बरोबर, बरोबर. मग मध्येच ती म्हणाली, ‘चूक.’ तिनं न सांगता नियम बदलला होता. हरूनं पुढचा पत्ता रंगानं लावला. ‘चूक.’ पुढचा, रंगानंच. ‘चूक.’ नऊ वेळा. नऊ वेळा तो रंगावरच गेला, दर वेळी थोडा जोरात पत्ता आपटून. शेवटी म्हणाला, ‘बाई, नियम बदलला तर माणसाला सांगायला नको?’

‘काका, तेच तपासतो आम्ही,’ ती मृदूपणे म्हणाली. ‘बाहेर कुणी सांगत नाही.’

मग तिनं एक आकृती दाखवली, चौकोनात तिरक्या रेघा, एका कोपऱ्यात वर्तुळ, बाजूला झेंड्यासारखा त्रिकोण. ही बघा आणि शेजारच्या कोऱ्या कागदावर काढा. हरूनं पेन्सिल घेतली. आणि मी खिडकीतून पाहिलं, तो थरथरणारा हात नमुना समोर आला तसा स्थिर झाला. त्यानं एकदाही न खोडता आकृती काढली. मृणालनं कागद हातात घेतला आणि तिचा चेहरा पडला. झेंडा उजवीकडे होता तो डावीकडे गेला होता. वर्तुळ उलट्या कोपऱ्यात. सगळंच्या सगळं उलटं. तिनं काहीतरी लिहायला पेन उचललं आणि मी खिडकीतून अर्धी आत झुकले.

‘उजेडासमोर धरा! मागून बघा!’

‘आजी, प्लीज...’

‘मागून बघा म्हणते ना!’

तिनं कागद पालथा करून उजेडाकडे धरला, आणि मूळ आकृतीवर ठेवला. रेघेवर रेघ बसली. तिनं विचारलं, ‘काका, उलटी का काढलीत?’ हरूला तोपर्यंत कळलंच नव्हतं. त्यानं कागद पाहिला, कपाळावर हात मारला आणि लाजला. ‘चाळीस वर्षं झाली बाई. नमुना समोर आला की हात उलटाच चालतो. सरळ काढला तर सोनार ओरडतो.’

मी खिडकीतूनच माझा युक्तिवाद मांडला. असा हात साऱ्या तालुक्यात नाही. याला शून्य देणं म्हणजे माशाला पोहल्याबद्दल नापास करणं. शाळेत आम्ही अशा मुलाला ग्रेस मार्क देत असू. मृणालनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘आजी, हात सुंदर आहे, तसं मी लिहीन. पण मी सरळ काढायला सांगितलं होतं आणि त्यांचा हात थांबला नाही. पत्त्यांचंही तेच. एकदा वाट पकडली की सोडता येत नाहीये अजून. प्रेसवर बसलेल्या माणसाला थांबता यायला हवं.’ मी पुन्हा तोंड उघडलं. तेवढ्यात हरू म्हणाला, ‘ताई, गप ना. लिहू दे तिला खरं. खोटं मी ढीगभर बोललोय, जयवंतीला आता त्याची चव कळते.’

कागदावर आलं ते असं: बोलण्यातली तर्कबुद्धी चांगली, हाताचं काम उत्तम, परिस्थिती बदलल्यावर स्वतःला बदलणं अजून कठीण जातं, दारूपासून दूर राहिल्यास सुधारणा अपेक्षित, तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं, तोवर यंत्रावर एकट्यानं काम टाळावं. जयवंतीनं तो कागद दोनदा वाचला आणि घडी केली. मी म्हटलं, कोरायचं काम तरी करू दे, यंत्रावर नाही बसणार तो. ती म्हणाली, ‘ताई, खोली उघडली की यंत्र हाय आत. तीन महिने म्हटलंय ना, मग तीन महिने.’ हरूनं चक्क वाद घातला नाही. मला ते भांडणापेक्षा वाईट वाटलं.

ते तीन महिने तो त्या बंद खोलीच्या पायरीवर बसून राहिला. सकाळी आंघोळ करून नऊला यायचा, कामावर आल्यासारखा, आणि कुलपाला पाठ लावून बसायचा. जयवंती त्याला निवडायला भाजी द्यायची, नारळ सोलायला द्यायची, म्हणजे हात रिकामा राहायला नको. पाय दोनदा चालले. एकदा बोईसरच्या रस्त्याला लागून चिंचेपासून परत आला. दुसऱ्यांदा मागच्या दारानं दारू विकणाऱ्या वाण्याच्या दुकानापर्यंत गेला, आणि दुकानदाराकडून मेणबत्त्यांचं पाकीट घेऊन आला. का घेतलंस विचारलं तर म्हणाला, ‘आत शिरलो होतो, रिकाम्या हातानं बाहेर कसं पडायचं?’ जयवंतीनं त्यातली एक मेणबत्ती देवापाशी लावली. त्या वेळी मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

दुसऱ्या चाचणीला मी घोकंपट्टी करून घेतली नाही. खिडकीपाशीही गेले नाही. म्हणजे गेले, पण खिडकी बंद होती. हरू बाहेर आला तो कागद पंख्यासारखा हलवत. पत्त्यांच्या वेळी पहिल्या ‘चूक’ला तो थांबला, दुसऱ्याला म्हणाला, ‘बदललात ना?’ आणि तिसरा पत्ता आकारावर लावला. मृणालनं विचारलं, हे कसं जमलं? तर तिला म्हणाला, ‘तीन महिने कुलपाला टेकून बसलो, बाई. कुलपाला कितीपण समजावलं तरी ते आपलं ऐकत नाय.’ घरी गेल्यावर जयवंतीनं कागद वाचला, किल्ली काढली, स्वतःच कुलूप उघडलं, आणि प्रेससमोरच्या बाकावर स्वतः जाऊन बसली. ‘कोरायचं तुमी. दाबायचं मी,’ ती म्हणाली. त्यानं भिंग डोळ्याला लावलं, आणि तो खूश दिसला.

चौदा महिने ती दोघं त्या खोलीत बसली. अशील बदलल्यावर वकील काय करतो ते मी घिवलीला एका हळदीत पाहिलं. बेंजो वाजत होता, पोरं नाचत होती, आणि एक लांबचा भाऊ ग्लास घेऊन हरूच्या मागे लागला होता. ‘हरूभाऊ, आनंदाचा प्रसंग हाय!’ ‘म्हणून तर. मला उद्या आठवायला हवाय.’ ‘अरे एकानं काय होतं?’ ‘एकानं काय होत नाय, म्हणूनच तर दुसरा घ्यावा लागतो.’ त्या माणसानं हातातल्या ग्लासाकडे संशयानं पाहिलं आणि तो तसाच ठेवून निघून गेला. मुक्ता, हे तुझं दुसरं अर्धं उत्तर.

मग ती सकाळ आली. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं, त्यांना काही कळलंही नसेल. असेल तसं... पण न कळता काही होऊ देणारा माणूस नव्हता तो.

गेल्या मंगळवारी मी पामला गेले. खोली उघडी होती. जयवंती प्रेसपाशी बसून हरूनं शेवटी कोरलेल्या ठोकळ्यावर पत्रे दाबत होती; वेल होती, छोट्या पानांची, सोनाराला द्यायची राहिलेली. मी आले तरी ती थांबली नाही. पत्रा दाबता दाबताच म्हणाली, ‘ताई, चौदा महिने बसले हे इथं. तीन महिने मी पायरीवर बसवलं. नायतर सतरा झाले असते.’

मी शिक्षिका आहे. मी लगेच मुद्दे मांडले. एक, कागदावर तीन महिने स्पष्ट लिहिलेलं होतं. दोन, आधी उघडली असतीस आणि बोट गेलं असतं तर चौदाही मिळाले नसते. तीन, त्या पायरीवर बसला म्हणूनच तो दुसऱ्यांदा पास झाला, असं त्यानं स्वतः मृणालला सांगितलं होतं. तिनं प्रेसचा दांडा सोडून सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

‘ताई,’ ती म्हणाली, ‘तुमी अगदी ह्यांच्यासारखं बोलता. एकेक मुद्दा बरोबर... आणि पटत एकपण नाय.’

माझ्याकडे चौथा मुद्दा होता. तो मी सांगितला नाही. तिनं बाकावर सरकून मला जागा केली, आणि दुपारच्या चहापर्यंत आम्ही दोघी तिथे बसून राहिलो, कुणी कुणाला कसलंही कारण न देता.